नाईक-हवालदारांची जबाबदारी आणि जवानांचे कागद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची उत्तरे भारतीय भूदलातली पायदळ पलटण डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. तोफखाना, रणगाडा दल, सिग्नल इथे नावे बदलतात, कामाचा गाभा तोच राहतो. नवी फीत लागलेल्या लान्स नाईकाला आणि दहा वर्षे हवालदारी केलेल्यालाही ती उपयोगी पडावीत. गावाकडे कागदाची वाट पाहणाऱ्या घरच्यांनी पार्ट टू ऑर्डरचा भाग तरी जरूर वाचावा.

एनसीओ म्हणजे नेमके कोण? सुभेदार त्यात मोडतो का?

नाही. लान्स नाईक, नाईक आणि हवालदार हे एनसीओ, म्हणजे नॉन-कमिशन्ड ऑफिसर. बाहीवर अनुक्रमे एक, दोन आणि तीन फिती. नायब सुभेदार, सुभेदार आणि सुभेदार मेजर हे जेसीओ, म्हणजे ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर. त्यांचा वर्गच वेगळा. रणगाडा दलात नाईकाला लान्स दफेदार आणि हवालदाराला दफेदार म्हणतात. आर्मी ॲक्ट १९५० च्या व्याख्येत ॲक्टिंग हुद्दा धारण करणाराही एनसीओच आहे. त्यामुळे ‘माझा हुद्दा अजून पक्का झाला नाही’ म्हणून जबाबदारीतून सुटका होत नाही.

सीएचएम आणि सीक्यूएमएच हे हुद्दे आहेत का?

त्या नेमणुका आहेत. दोघांचाही हुद्दा हवालदाराचाच. कंपनी हवालदार मेजरकडे (सीएचएम) हजेरी, शिस्त, ड्यूट्या आणि फॉल-इन. कंपनी क्वार्टर मास्टर हवालदाराकडे (सीक्यूएमएच) रेशन, कपडे, दारूगोळा आणि सामान. सीक्यूएमएच म्हणजे गोदाम सांभाळणारा, अशी समजूत काही जणांची असते. १९६५ च्या सप्टेंबरात खेमकरण भागात जीपवरच्या रिकॉइललेस तोफेने पाकिस्तानी रणगाडे फोडणारे ४ ग्रेनेडियर्सचे अब्दुल हमीद सीक्यूएमएच होते. १९४८ च्या जुलैत तिथवालला परमवीर चक्र मिळवणारे ६ राजपुताना रायफल्सचे पीरू सिंह सीएचएम होते. कागद आणि लढाई या दोन वेगळ्या माणसांच्या गोष्टी नाहीत.

सेक्शन कमांडरकडे किती माणसे असतात आणि रोज काय पाहायचे?

रायफल सेक्शन कागदावर १० जणांचा. तीन सेक्शन मिळून प्लाटून, तीन प्लाटूनची कंपनी. प्रत्यक्षात सुट्टी, कोर्स, गार्ड, हॉस्पिटल वजा जाता हाताशी कमी माणसे उरतात. म्हणून दिवसाची सुरुवात मोजणीने होते. पण नुसता आकडा सांगणे म्हणजे हजेरी नव्हे. ‘दहापैकी सहा हजर, दोन सुट्टीवर, एक क्वार्टर गार्डला, एक एमआय रूमला (पलटणीच्या दवाखान्यात)’ असा नावानिशी हिशेब जुळला पाहिजे. गफलत बहुतेक वेळा ‘एमआय रूमला गेलाय’ या वाक्यात लपते: सकाळी गेलेला माणूस दुपारी कुठे आहे हे कुणी विचारत नाही. सिक रिपोर्टला गेलेल्याला डॉक्टरने काय दिले, औषध, विश्रांती की भरती, हे परतल्यावर लगेच विचारून लिहून ठेवा.

मग पाय, बूट, शस्त्र. लांब मार्चनंतर पाय स्वतः डोळ्यांनी पाहायचे. ‘ठीक आहे साब’ या उत्तरावर विसंबू नका, कारण फोड आलेला जवान लाजेने बोलत नाही आणि दुसऱ्या दिवशी मागे पडतो. शस्त्र साफ झाले का ते नळीत डोळा घालून बघा.

छोटी वही ठेवा. प्रत्येक जवानाचे एक पान: आर्मी नंबर, रक्तगट, शस्त्राचा नंबर, घरचा पत्ता, घरच्यांचा फोन, नजीकचे रेल्वे स्टेशन, मुलांची वये, मागची सुट्टी कधी संपली, कोणता कागद अडकलाय. वही हरवू देऊ नका आणि तिचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरवू नका.

आणि सेक्शनच्या टूआयसीला, म्हणजे तुमच्या खालच्या दुय्यम कमांडरला, हे सगळे तुमच्याइतकेच माहीत असले पाहिजे. १० जुलै १९४४ ला इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीतले नाईक यशवंत घाडगे यांच्या सेक्शनमधले सगळे जवान मशीनगनच्या एका माऱ्यात पडले. घाडगे एकटेच मोर्च्यावर धावून गेले आणि तो काबीज करून धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. सेक्शन किती कमी वेळात उरत नाही, हे त्या दिवसावरून कळते.

काल ज्यांच्याबरोबर एका थाळीत जेवलो, त्यांच्यावर आज हुकूम कसा चालवायचा?

पहिल्या आठवड्यातच ड्यूटीची यादी सरळ लावा. मित्राला रविवारची गार्ड लागत असेल तर ती त्याला लागूच द्या. हे एकदा दिसले की बाकी भाषण करावे लागत नाही. खासगीत नावाने हाक मारा, फॉल-इनमध्ये हुद्द्याने. जवानाला चारचौघांत झापू नका. चूक सुरक्षेची असेल, उदाहरणार्थ लोडेड रायफलचे तोंड माणसाकडे, तेव्हा मात्र तिथल्या तिथे आणि मोठ्याने.

एनसीओला शिक्षा देण्याचा अधिकार आहे का?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि याचेच चुकीचे उत्तर सर्वांत जास्त दिले जाते. आर्मी ॲक्टच्या कलम ८० खालची शिक्षा कमांडिंग ऑफिसर देतो, किंवा ज्यांना तसा अधिकार दिला आहे असे अधिकारी देतात. नाईक किंवा हवालदाराला शिक्षेचा अधिकार नाही. ‘आठ दिवस एक्स्ट्रा गार्ड’ हीसुद्धा कलम ८० मधलीच शिक्षा आहे. ती तुम्ही आपल्या मनाने लावली तर ती बेकायदा.

मग तुमच्याकडे काय आहे? बरेच आहे. कायद्याने ‘वरिष्ठ’ या शब्दात एनसीओ धरला आहे. त्यामुळे तुमचा ड्यूटीसंबंधीचा कायदेशीर हुकूम मोडणे हा कलम ४१ खालचा गुन्हा होतो. गुन्ह्याचा आरोप असलेल्याला लष्करी कोठडीत ठेवण्याचा हुकूम कलम १०१ प्रमाणे वरिष्ठ देऊ शकतो. आणि चूक सुधारण्यासाठी त्याच चुकीचा सराव करवून घेणे तुमच्या हातात आहे: शस्त्र घाण असेल तर संध्याकाळी पुन्हा साफ करून दाखव, ड्रिल चुकली तर अर्धा तास ड्रिल. सुधारणा चुकीशी जुळलेली असावी, थोडक्यात संपावी आणि जवानाची तब्येत पाहून असावी. दुपारच्या उन्हात पाठीवर पिठ्ठू (सामानाची पिशवी) लावून पळवणे ही सुधारणा नाही.

हात उचललात तर कलम ४७ लागते. हाताखालच्या माणसाला मारणे किंवा अन्य प्रकारे छळणे याला कोर्ट मार्शलमध्ये सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘आमच्या वेळी चालायचे’ हा बचाव तिथे टिकत नाही.

मग चूक करणाऱ्याचे प्रकरण पुढे कसे न्यायचे?

जे पाहिले ते त्याच दिवशी लिहा: वेळ, जागा, शब्द, साक्षीदार. ‘उद्धटपणे वागला’ असे लिहू नका. तो काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत लिहा. मग सीएचएम, सीनियर जेसीओ, कंपनी कमांडर या क्रमाने. आर्मी रूल २२ प्रमाणे आरोपाची सुनावणी कमांडिंग ऑफिसरसमोर आरोपीच्या हजेरीत होते आणि आरोपीला साक्षीदाराची उलटतपासणी करता येते. तो साक्षीदार अनेकदा तुम्हीच असता. कच्ची नोंद असेल तर तिथे अडखळायला होते आणि खरे प्रकरणही निसटते.

एक तपशील लक्षात असू द्या. कैद, डिटेन्शन आणि लाइनमध्ये स्थानबद्धता या कलम ८० मधल्या शिक्षा एनसीओला दिल्या जात नाहीत; उलट सिव्हिअर रेप्रिमांड (कडक ताकीद) ही शिक्षा एनसीओच्या खालच्या माणसाला देता येत नाही. फीत लागली की शिक्षेचा प्रकार बदलतो, आणि रेप्रिमांडची नोंद पुढच्या बढतीत समोर येते.

जवान प्यालेला असेल तर?

त्याच्याशी वाद घालू नका, चौकशीही तेव्हाच करू नका. हाताखालच्या दोन जवानांकरवी त्याला बाजूला घ्या. वरिष्ठाने स्वतः झटापट केली आणि जवानाचा हात त्याला लागला, तर साध्या नशेचे प्रकरण वरिष्ठावर हल्ल्याचे होऊन बसते; एका संध्याकाळीत जवानाची नोकरी जाते. डॉक्टरला दाखवा, एकटा झोपवू नका, उताणा तर मुळीच नाही, आणि ठरावीक वेळाने जाऊन पाहा. बोलणे दुसऱ्या दिवशी.

सुट्टी किती मिळते?

जेसीओ आणि जवानांना वर्षाला ६० दिवस वार्षिक सुट्टी आणि ३० दिवस कॅज्युअल. अग्निवीराला ३० दिवस. कॅज्युअल वार्षिक सुट्टीला जोडता येत नाही, हे माहीत नसल्याने अर्ज परत येतात. सुट्टी हा हक्क नाही, कामाच्या गरजेवर अवलंबून आहे. पण वर्षअखेरीस सगळ्या कंपनीची सुट्टी शिल्लक राहणे हा नियोजनाचा दोष आहे, कामाचा नव्हे. जानेवारीतच सेक्शनचा तक्ता करा. पेरणी-कापणी, गणपती, जत्रा, बहिणीचे लग्न, बायकोची प्रसूती या तारखा जवानाकडून आधी मागून घ्या. सगळ्यांना गणपतीत सुट्टी देता येणार नाही. गेल्या वर्षी कुणी घेतली ते लिहिलेले असेल तर या वर्षी भांडण होत नाही.

जवान सुट्टीवरून वेळेवर परतला नाही तर काय करायचे?

सुट्टी संपण्याच्या दोन दिवस आधीच फोन करा. तिकीट झाले का विचारा. निम्मी प्रकरणे तिथेच मिटतात. अडचण खरी असेल तर सुट्टी संपण्यापूर्वी वाढीची विनंती फोनवर आणि लेखी, दोन्ही प्रकारे आली पाहिजे. मंजुरी कळेपर्यंत ‘वाढली’ असे धरू नका.

आजारी पडला असेल तर जवळचे लष्करी हॉस्पिटल: पुण्याला कमांड हॉस्पिटल किंवा खडकी, नाशिककडच्याला देवळाली, विदर्भातल्याला कामठी, कोल्हापूर-सांगलीकडच्याला बेळगाव. तिथवर जाण्यासारखी स्थिती नसेल तर सरकारी दवाखाना, आणि पलटणीला त्याच दिवशी कळवणे. खासगी डॉक्टरची मागाहून आणलेली चिठ्ठी ऑर्डरली रूममध्ये, म्हणजे अधिकाऱ्यासमोरच्या सुनावणीत, फारसे वजन धरत नाही. गाडी रखडली तर स्टेशन मास्तरचा दाखला घ्यायला सांगा.

न कळवता राहिला की कलम ३९ लागू होते. गैरहजेरीच्या प्रत्येक दिवसाचा पगार कापला जाऊ शकतो. ३० दिवस उलटले की कलम १०६ प्रमाणे कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते, त्याच्याकडच्या सरकारी सामानाची तूट नोंदली जाते आणि तो फरारी ठरवला जाऊ शकतो. म्हणून पहिल्या दिवशीच त्याचा बिस्तरा आणि पेटी साक्षीदारांसमोर मोजून यादी करा. हे उशिरा केले तर मधल्या काळात गायब झालेल्या वस्तू त्याच्या नावावर लागतात आणि परतल्यावर नवा तंटा उभा राहतो.

घरच्यांशी धमकीच्या सुरात बोलू नका. दहाव्या दिवशीसुद्धा स्वतःहून हजर झालेला जवान आणि पोलिसांनी पकडून आणलेला जवान यांच्या प्रकरणात पुष्कळ फरक असतो. आई-वडिलांना नेमके हेच समजावून सांगा.

पार्ट टू ऑर्डर म्हणजे काय? तिच्यासाठी एवढी घाई का?

जवानाच्या आयुष्यात जे घडते, म्हणजे लग्न, मूल, बढती, कोर्स, सुट्टी, शिक्षा, नातेवाइकाचा मृत्यू, ते सरकारच्या लेखी तेव्हाच घडते जेव्हा पलटण त्याची पार्ट टू ऑर्डर काढते. ती रेकॉर्ड ऑफिस आणि पे अकाउंट्स ऑफिसकडे जाते. मराठा लाइट इन्फंट्रीची ही कार्यालये बेळगावला आहेत, महार रेजिमेंटची मध्य प्रदेशातल्या सागरला. ऑर्डर निघाली नाही तर बढतीचा पगार येत नाही, बायकोचे डिपेंडंट कार्ड होत नाही, मुलांचा शैक्षणिक भत्ता अडतो. आणि दुर्दैवाने जवान गेला, तर लग्नाची नोंदच नसलेल्या विधवेला आपण त्याची पत्नी आहोत हे कोर्टकचेरी करून सिद्ध करत बसावे लागते. हे टाळणे सेक्शन कमांडरच्या हातात असते.

ऑर्डर तुम्ही काढत नाही, क्लार्क काढतो. तुमचे काम हे की सुट्टीवरून परतलेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी विचारायचे: घरात काही बदल? लग्न, बाळ, कुणी गेले, पत्ता बदलला? कागद आणलेत का? मग ते क्लार्ककडे द्यायचे, आठवड्याने ऑर्डरचा नंबर आणि तारीख मागून वहीत लिहायची, आणि पुढच्या पगाराच्या स्लिपवर परिणाम दिसतो का पाहायचा. नंबर हातात येईपर्यंत काम झाले असे समजू नका.

महाराष्ट्रातल्या जवानांचे कागद बहुधा नावात अडकतात. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर शेवटी. लग्नपत्रिकेत ‘सौ. सुनीता’, विवाह नोंदणीत ‘सुनिता’, माहेरच्या बँक पासबुकात माहेरचे नाव आणि वडिलांचे नाव, रेशनकार्डावर ‘सुनिताबाई’. आपल्याला ही एकच बाई वाटते. रेकॉर्ड ऑफिसला चार वाटतात. सुट्टीवर जाण्याआधीच जवानाला सांगा: विवाह नोंदणीचा दाखला आधी काढ, त्यावरच्या अक्षरांप्रमाणे आधार सुधार, मग बँक. बाळाच्या जन्मदाखल्यावर नावाची जागा कोरी असते. बारसे झाले की ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जाऊन नाव चढवून घे. इंग्रजी स्पेलिंग सगळीकडे एकच हवे.

नॉमिनेशनबद्दल काय सांगायचे?

भरतीच्या वेळी मुलगा अविवाहित असतो, म्हणून आर्मी ग्रुप इन्शुरन्स आणि प्रॉव्हिडंट फंडाला आईचे नाव लावतो. पुढे लग्न होते, नाव तेच राहते. कुटुंब निवृत्तिवेतन नियमाप्रमाणे पात्र वारसाला, म्हणजे सहसा पत्नीला जाते, पण विम्याची रक्कम नॉमिनेशन पाहून दिली जाते. मग घरात सासू-सुनेत फाटाफूट होते, तीही शोकाच्या दिवसांत. आई आणि पत्नी दोघींचे हिस्से टक्क्यांत लिहिता येतात. कुणाचे नाव घाल असे जवानाला सांगू नका, तो त्याचा निर्णय. लग्नानंतर, मूल झाल्यावर आणि दर दोन-तीन वर्षांनी ते तपासायला मात्र लावा.

गावी भावकीने बांध कोरला, कोर्टाची नोटीस आली. जवानाला काय मदत करता येते?

त्याच्याकडून सातबारा, फेरफार, नोटिशीची प्रत आणि गट नंबर मागवा; ‘माझ्या जमिनीचा प्रॉब्लेम आहे’ एवढ्यावर कुणीच पत्र लिहू शकत नाही. कागद असतील तर कमांडिंग ऑफिसरकडून जिल्हाधिकारी किंवा पोलीस अधीक्षकांना पत्र जाते; प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला द्यावी, कारण पाठपुरावा तिथून सोपा होतो.

दावा कोर्टात असेल तर आर्मी ॲक्टचे कलम ३२ उपयोगी पडते. जवानाला दाव्यासाठी सुट्टी दिल्याचा लष्करी अधिकाऱ्याचा दाखला आणि अर्ज दिल्यास कोर्टाने शक्यतो त्या सुट्टीच्या काळात सुनावणी लावायची असते. त्यासाठी फी पडत नाही. विशेष परिस्थितीत सेवा करणाऱ्या सैनिकाचा दावा त्याच्या गैरहजेरीत रेटला जाऊ नये म्हणून १९२५ चा इंडियन सोल्जर्स लिटिगेशन ॲक्टही आहे. हे दाखले सुट्टीच्या आधी बनवून घ्यावे लागतात, सुट्टीवर गेल्यावर ते होत नाही.

ड्यूटी रोस्टर कसा लावावा?

संतरी दोन तास उभा, चार तास आराम. म्हणजे चोवीस तासांच्या एका पोस्टला तीन संतरी, दोन पोस्टना सहा, शिवाय गार्ड कमांडर. रविवार-सुट्टीच्या ड्यूट्या वेगळ्या रकान्यात मोजा, नाहीतर आकडे सारखे दिसतात आणि अन्याय होतो. रात्रभर गार्ड केलेल्याला सकाळी फायरिंग रेंजवर नेऊ नका.

कोत (शस्त्रागार) आणि गोळ्यांच्या हिशेबात चूक कुठे होते?

शस्त्र नंबर वाचून द्यायचे, नंबर वाचून परत घ्यायचे. ‘चाळीस गेल्या, चाळीस आल्या’ ही मोजणी अपुरी. दोन जवानांच्या रायफली अदलाबदल झाल्या तर आकडा जुळतोच. रेंजवर मिळालेल्या गोळ्या = उरलेल्या जिवंत + रिकामी काडतुसे + चाप ओढूनही न उडालेल्या. एकही कमी असेल तर रेंज सोडायची नाही. शोधायला सुरुवात पाउच आणि खिशांपासून करा, मग फायरिंग पॉइंटचे गवत. दुसऱ्याकडून उसनी गोळी घेऊन हिशेब जुळवणे हे हरवण्यापेक्षा मोठे प्रकरण होते.

जवान गप्पगप्प आहे. काय बघायचे?

बदल बघायचा. बडबड्या गप्प झाला, जेवण टाळतो, रात्री जागा असतो, फोन झाल्यावर चेहरा पडतो, वस्तू वाटून टाकतो, उसने पैसे वाढलेत. कारणे बहुधा घरची: जमीन, कर्ज, नवरा-बायकोचे बेबनाव, सुट्टी नाकारली जाणे. एकांतात बसून विचारा, आणि आत्महत्येचा विचार येतो का हे सरळ शब्दांत विचारा; विचारल्याने तो विचार वाढत नाही. संशय आला तर त्या क्षणापासून तो एकटा राहणार नाही, त्याचा बडी (जोडीदार जवान) सोबत, शस्त्राची ड्यूटी बंद, आणि कंपनी कमांडर व डॉक्टरला त्याच दिवशी माहिती. सकाळपर्यंत थांबू नका. बरॅकीत चर्चा नको. ‘येडा झालाय’ हा एक शब्द पुढच्या दहा जणांची तोंडे बंद करतो.

जवानाची तक्रार सेक्शन कमांडरविरुद्धच असेल तर?

कलम २६ ने त्याला कंपनी कमांडरकडे तक्रार करण्याचा हक्क आहे; तक्रार कंपनी कमांडरविरुद्ध असेल तर त्याच्या वरच्याकडे. ती अडवणे किंवा तक्रार केली म्हणून ड्यूट्या वाढवणे तुम्हालाच अडचणीत आणते.

अग्निवीरांच्या बाबतीत वेगळे काय?

२०२२ पासूनच्या योजनेत मुदत चार वर्षे, आणि पुढे कायम होणारे २५ टक्क्यांपर्यंत. म्हणून सेक्शन कमांडरच्या निरीक्षणाला नवे वजन आले आहे. महिन्याला दोन ओळी तरी तारखेसह लिहा. शेवटच्या वर्षी आठवून लिहिलेले मत शेवटच्या महिन्याचेच असते. स्पर्धेमुळे दुखापत लपवण्याकडे मुलांचा कल असतो. घोट्याला सूज असताना बीपीईटी (शारीरिक क्षमतेची चाचणी) धावणाऱ्याला थांबवा. पगारातला ३० टक्के भाग सेवा निधीत, म्हणजे मुदतीअखेर एकरकमी मिळणाऱ्या निधीत, जातो, हे घरी नीट समजलेले नसते. ‘पैसे कुठे उडवतोस’ म्हणून भांडणे होतात, तेव्हा वडिलांशी एकदा बोलून घ्या.

बढती मिळाली नाही तर पगार तिथेच राहतो का?

नाही. एमएसीपी, म्हणजे बढती नसतानाही पगार वाढवणाऱ्या योजनेप्रमाणे ८, १६ आणि २४ वर्षांच्या सेवेला पगाराची वरची पातळी मिळते. सातव्या वेतन आयोगात शिपायाची पातळी ३ (सुरुवात २१,७००), नाईकाची ४ (२५,५००), हवालदाराची ५ (२९,२००). शिवाय दरमहा ५,२०० मिलिटरी सर्व्हिस पे. म्हणजे १६ वर्षांचा शिपाई हवालदाराच्या पातळीचा पगार घेत असू शकतो. हुद्दा आणि हुकूम मात्र त्याने मिळत नाहीत. हुद्द्यासाठी काडर (बढतीचा प्रशिक्षण वर्ग), परीक्षा, शिस्तीची नोंद, मेडिकल कॅटेगरी आणि जागा रिकामी असणे हे सगळे लागते. हवालदाराने नायब सुभेदारीच्या बोर्डाआधी वर्षभर तरी आपली कागदपत्रे स्वतः रेकॉर्डशी ताडून पाहावीत. एखाद्या कोर्सची पार्ट टू ऑर्डर निघालीच नव्हती हे बोर्डानंतर कळले, तर ती ज्येष्ठता परत मिळवायला पुढे महिनोन्‌महिने अर्ज करावे लागतात.